आयएसएसएन खरा, जर्नल खोटं

‘यूजीसी केअर लिस्टेड, तीन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेटसह’ असा मेसेज पाहताच डिलीट करणारे सुटायचे. अडकायचे ते यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी उघडून, जर्नलचा आयएसएसएन नंबर जुळवून मग पुढे जाणारे, कारण क्लोन जर्नलचा, म्हणजे खऱ्या जर्नलच्या नावाने काढलेल्या बनावट जर्नलचा, सापळा त्यांच्यासाठीच लावलेला असायचा. मी त्यांच्यातलीच.

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, समाजशास्त्र शिकवते. पीएचडीचा विषय ऊसतोड मजुरांची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि त्यातून पुढच्या हंगामाला बांधलं जाणं. 2022 च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, हे मला माहीत होतं. पण सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना 2018 च्या नियमांप्रमाणे एका पेपरला 2 गुण, विद्यापीठांत जास्तीत जास्त 10, कॉलेजांत 6. कायम नोकरीची वाट बघणाऱ्याला हे 2 गुण काय असतात ते वेगळं सांगायला नको. ‘पेपर काढून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा त्याच दोन गुणांवर चालतो.

मेसेजमधल्या जर्नलचं नाव केअर यादीत होतं. आयएसएसएनही जुळला. गुगलवर नाव टाकलं तर वेबसाइट पहिलीच आली: मुखपृष्ठ, संपादक मंडळ, सगळं जागच्या जागी. गोम अशी, की खरं जर्नल एका जुन्या संस्थेचं छापील त्रैमासिक होतं आणि त्याची स्वतःची वेबसाइटच नव्हती. कुणीतरी त्याच्या नावाने डोमेन घेतलं, तोच आयएसएसएन वर चिकटवला आणि दुकान उघडलं. आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, तो दर्जाची हमी देत नाही आणि कुणालाही कॉपी करता येतो. केअरच्या पुण्यातल्या कक्षाने अशा क्लोन जर्नलांची वेगळी यादीच ठेवली होती. ती मला नंतर कळली. आमच्या रिसर्च एथिक्सच्या वर्गात संदर्भ कसे द्यायचे यावर भरपूर वेळ गेला होता, या यादीचा उल्लेखही झाला नव्हता.

फी 4,500 रुपये. पैसे एका खासगी यूपीआय नंबरवर, पावती मागितली तर ‘मॅडम, इश्यू निघाला की देतो’. लेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा एकही प्रश्न नाही, स्वल्पविरामाचीही दुरुस्ती नाही. साइटवर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ सरासरी किती घेतले जातात त्याचा आकडा, मात्र ठसठशीत. तो आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी तिच्या वार्षिक अहवालात देते, आणि हे जर्नल त्यात कुठेच नव्हतं. मधेच एजंटने विचारलं, ‘मॅडम, अजून दोन नावं घालायची का? जागा आहे.’ मी सरळ नाही म्हटलं.

पेपर आला तेव्हा माझ्या नावाखाली दोन नावं होती. दोन्ही अनोळखी. लेखकाची जागा विकली जाते हे ऐकून होते, स्वतःच्या पेपरवर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. उसाच्या फडावर मुलाखती घेताना मी बायकांना सांगितलं होतं, हे मीच लिहिणार, तुमचं नाव-गाव येणार नाही, मुकादमाच्या कानावर जाणार नाही. त्यांनी संमती मला दिली होती. ज्यांनी मजुरांच्या कोप्यांत, त्या झोपड्यांत, कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांना नव्हे.

मग खऱ्या त्रैमासिकाच्या संपादकांना फोन केला. ‘ताई, आम्ही लेखकाकडून एक रुपया घेत नाही. असे फोन सारखे येतात,’ ते म्हणाले. एजंटला पेपर काढायला सांगितलं तर त्याने ‘विथड्रॉवल चार्ज’ मागितला, फीच्या दुप्पट. इथेच माणूस पुरता अडकतो. तोच मजकूर दुसरीकडे पाठवला तर आधीच छापलेला म्हणून परत येतो. प्रबंधाच्या साहित्यचोरी तपासणीत तो जुळतो, आणि वर दोन परक्यांची नावं असल्याने ‘माझंच लेखन आहे’ हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं.

मी तो चार्ज भरला नाही, तुम्हीही भरू नका. पैसे घेऊनही पेपर तिथेच ठेवला तर दाद कुठे मागणार? गाइडना सगळं लेखी दिलं, विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला मूळ मसुदा, मुलाखतींच्या तारखा आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून पत्र दिलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या ईमेलवर होत्या, त्याच सगळ्यात उपयोगी पडल्या.

फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली आणि जर्नल पारखण्याचं काम संस्थांवर सोपवलं. एजंटांच्या मेसेजमध्ये आता ‘केअर’च्या जागी ‘पीअर रिव्ह्यूड’, म्हणजे विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं, आलंय, एवढाच फरक. म्हणून पैसे भरण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाही एकाला फोन करा. नंबर जर्नलच्या साइटवरचा घेऊ नका, तो त्यांच्या कॉलेजच्या साइटवरून किंवा ऑफिसातून मिळवा. आपलं नाव त्या मंडळात आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं.