मामा तलावात पाणवनस्पती लावून देणारा धिवर बायांचा गट: काम कसं आहे?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव पट्ट्यात माजी मालगुजारी (मामा) तलावांत, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावांत, पाणवनस्पती लावून देणारा धिवर या मच्छीमार समाजातल्या बायांचा एक गट आहे. ग्रामपंचायत किंवा मच्छीमार संस्था बोलावते, काम रोजीवर चालतं. काम चोख आहे, मात्र सगळ्याच तलावांना ते मानवणार नाही.

खरी कसोटी पावसाआधीची. मे महिन्यात पाणी आटलं की आधी बेशरम ही पसरणारी झुडपी वनस्पती काढतात. वरून तोडून भागत नाही, तिची कांडी ओल्या मातीत पडली की तिथंच फुटते. म्हणून मुळासकट खणून पाळीबाहेर कोरड्या जागी वाळवतात. नंतर नांगरट. गुरांच्या खुरांनी आणि उन्हानं तळ असा घट्ट होतो, की कोवळं मूळ त्यात शिरत नाही. नांगर वीतभरच घालतात आणि तेही पट्ट्यापट्ट्यानं, कारण न नांगरलेल्या भागातलं जुनं बी आणि कंद आपसूक उगवतात. घाईच्या ठेकेदाराला एवढा धीर नसतो.

लागवड पावसात, माती मऊ होऊन पाणी गुडघ्याला आलं की. रोपं जवळच्या चांगल्या तलावातून आणतात; एका जागचं सगळं उपटत नाहीत, मूठभर घेऊन पुढं सरकतात. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या तीन-चार काड्यांची जुडी, खालची चार बोटं चिखलात, दोन जुड्यांत हातभर अंतर. व्हॅलिसनेरिया मुळासकट रोवायची. सिरॅटोफायलमला मूळच नसतं, ते नुसतं पाण्यात सोडायचं. काठाला देवधान, म्हणजे जंगली भात. लावल्यावर लगेच पाणी चढून गढूळ राहिलं तर उजेड न मिळून जुड्या कुजतात, म्हणून खोल भागात हा गट हातच घालत नाही. योग्यच आहे.

जेसीबीनं सरसकट गाळ उपसलेला तलाव असेल तर पैसे वाया जातील. गाळाबरोबर बियाणं गेलेलं असतं, आणि उभ्या कडांवर काठची झाडं टिकत नाहीत. आधी कडेला उतार करून घ्या, मग यांना बोलवा.

उणीव दोन ठिकाणी. आणलेल्या रोपांत तलाव झाकून टाकणाऱ्या जलकुंभीचा एखादा तुकडा राहू शकतो. जुड्या धुऊन निवडण्याचं काम इथं सैल आहे, तेव्हा संस्थेचा माणूस उभा ठेवा. दुसरं, पहिल्या हंगामात म्हशी आत शिरू नयेत म्हणून कुंपण लागतं आणि ते यांच्या कामात धरलेलं नाही. बांबूचं कुंपण आधीच करून ठेवा.

आता मासळीचं. ग्रास कार्प सोडायचा असेल तर ही लागवड करूच नका, तो सगळं चरून टाकतो. सायप्रिनसही नको, तो तळ उकरून पाणी गढूळ करतो. रोहू-कतला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, बोटुकली (बोटाएवढी पिलं) दरवर्षी विकत घ्यावी लागते. मरळ मात्र वनस्पतींच्या आडोशाला स्वतःच पिलं वाढवते, शिंगीलाही असलंच पाणी मानवतं. मच्छीमार संस्थेला खर्च वसूल होताना दिसतो तो इथंच, पण पहिल्याच वर्षी नाही.

कामाला पाचपैकी चार गुण. बोलवायचं असेल तर ग्रास कार्प न सोडण्याचा ठराव संस्थेच्या सभेत एप्रिलमध्येच लिहून घ्या. पावसाळ्यात बोटुकलीची गाडी दारात आल्यावर कुणी ऐकत नाही.