तियानयी-गे, निंगबो: पुस्तकांच्या याद्या करणाऱ्यांनी बघायलाच हवं असं ग्रंथालय

चीनच्या झेजियांग प्रांतातल्या निंगबो शहरात, चंद्र-सरोवराच्या काठाला तियानयी-गे आहे. मिंग राजवटीतले एक बडे अधिकारी फान छिन यांनी १५६१ ते १५६६ या काळात आपला ग्रंथसंग्रह ठेवायला ही दुमजली इमारत बांधली. चीनमध्ये आज उभ्या असलेल्या खासगी ग्रंथालयांत हे सर्वांत जुनं. आता ते संग्रहालय आहे, तिकीट ३० युआन. मी ग्रंथालयात कॅटलॉगिंगचं काम करते, त्यामुळे माझं बघणं जरा त्या अंगानं झालं आणि हे परीक्षणही तसंच आहे.

आधी एक सूचना. सहल कंपनीच्या गटाबरोबर जाऊ नका. आमच्या गाइडनं बागेत फोटो काढून घेतले, दोन दंतकथा सांगितल्या आणि मंडळींना थेट माहजोंगच्या (सोंगट्यांच्या चिनी खेळाच्या) दालनात नेलं. माहजोंगचं दालन आहे बरं, छिन आडनावाच्या दुसऱ्याच एका घराण्याच्या वास्तूतला सोनेरी नक्षीचा रंगमंचही देखणा आहे, पण त्यासाठी इतक्या लांब कुणी येत नाही. मी गट सोडला आणि उरलेला दिवस एकटीनं काढला.

मूळ इमारत बाहेरून साधी आहे. वरचा मजला म्हणजे एक सलग दालन, खाली सहा खण. ‘आकाशाचा एक पाण्याला जन्म देतो, पृथ्वीचा सहा ते पूर्णत्वाला नेतो’ या जुन्या वचनावरून ही रचना आणि नावही आलं. आगीची भीती इतकी, की आराखड्यातच पाणी आणलं. पण नुसत्या वचनावर भिस्त नव्हती. समोर तळं खोदलंय, बाजूच्या भिंती आगीला अडवतील अशा आहेत. पुस्तकं वरच्या मजल्यावर, खालच्या ओलीपासून लांब. कपाटांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून दारं, म्हणजे वारा आरपार खेळतो. किडीसाठी वासाची वनस्पती पुस्तकांत ठेवत, आणि ओल शोषून घेईल म्हणून कपाटांखाली दगड. दमट हवेत पुस्तकं सांभाळणाऱ्या कुणालाही ही कपाटं बघून हेवा वाटेल. वर जाता येत नाही आणि मला ते पटलं. मौल्यवान ग्रंथ १९८१ साली बांधलेल्या वेगळ्या भांडारात आहेत.

फान छिन यांनी काय जमवलं हे बघण्यासारखं आहे. त्या काळचे संग्राहक सोंग राजवटीतल्या जुन्या छापील प्रतींमागे धावत. यांनीही दुर्मीळ ग्रंथ घेतले, पण भर दिला तो स्वतःच्या काळातल्या कागदपत्रांवर: जिल्ह्याजिल्ह्यांचे वृत्तांत, शाही परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांच्या याद्या, सरकारी नियम. संग्रह ७०,००० च्युआनपर्यंत गेला (च्युआन म्हणजे ग्रंथाचा एक खंड, तिकडे संग्रह त्यावरच मोजतात). आज मिंगकालीन २७१ जिल्हावृत्तांत इथे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ग्रंथांची दुसरी प्रत जगात कुठंही नाही. चालू काळाचे कागद कोण जपतं? या माणसानं जपले.

मग फान घराण्याच्या नियमांचे फलक. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. वाटणी झाली तरी पुस्तकं वाटायची नाहीत, पुस्तक इमारतीबाहेर न्यायचं नाही. किल्ल्या घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांकडे, सगळे जमल्याशिवाय दार उघडत नसे. विनाकारण दार उघडलं तर पूर्वजांच्या पूजेतून तीनदा वगळणार. नातलगांना वा मित्रांना परस्पर आत नेलं तर एक वर्ष. बाहेर कुणाला पुस्तक दिलं तर तीन वर्षं. गहाण टाकलं तर कायमचं बाहेर. दंड पैशाचा ठेवलाच नाही, कारण पूजेतून वगळणं म्हणजे चारचौघांत घराण्यातून काढल्यासारखं. बायकांनाही वर मज्जाव होता. पुस्तकं वाचायला मिळतील म्हणून छ्येन श्यूयुन नावाची मुलगी या घरात लग्न करून आली आणि एकही पान न बघता झुरून गेली, असं सांगतात. ही गोष्ट गाइडनं हसत सांगितली. मला राग आला.

नियमांमुळे पुस्तकं टिकली, हे खरंच. पण आत काय आहे हे जगाला कळलं ते याद्यांमुळे, आणि माझ्या लेखी इथला खरा ठेवा त्या याद्या आहेत. १६७३ मध्ये विद्वान हुआंग त्सोंगशी यांना वर जाऊ दिलं, बाहेरच्यांत ते पहिले. त्यांनी यादी केली ती फक्त बाहेर फारशा न सापडणाऱ्या ग्रंथांची. केवढा विचार आहे त्यात! १८०८ मध्ये अधिकारी रुआन युआन यांच्या पुढाकारानं पूर्ण यादी छापली गेली. विभाग नेहमीचे चार: अभिजात ग्रंथ, इतिहास, विचारवंत आणि साहित्यसंग्रह. जिल्हावृत्तांत इतिहासात, भूगोलाखाली. नोंद ग्रंथाच्या नावानं सुरू होते, मग च्युआन किती, छापील की हस्तलिखित, मग लेखक कोणत्या राजवटीतला. आम्ही लेखकाच्या आडनावापासून सुरुवात करणारी माणसं, त्यामुळे ही मांडणी बघताना मजा आली.

१८८९ ची श्वे फूछंग यांची यादी मात्र बघवत नाही. ती ‘उरलेल्या’ पुस्तकांची आहे. मधल्या काळात १८४१ मध्ये इंग्रज निंगबोत शिरले आणि काही ग्रंथ घेऊन गेले. १८६१ मध्ये ताइपिंग बंडाच्या धामधुमीत चोरांनी पुस्तकं कागदाच्या गिरण्यांना विकली. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कितीतरी नावं गळालेली दिसतात. साठा पडताळणीत ‘गहाळ’ असा शेरा मारताना माझा हात जड होतो. इथे पानंच्या पानं गहाळ. आणि या दोन्ही याद्यांच्याही आधी बादशहा छ्येनलोंगनं सिकू छ्वानशू या महासंकलनासाठी ६०० हून अधिक ग्रंथ मागवले होते. बहुतेक परत आलेच नाहीत. बदल्यात १०,००० च्युआनचा ज्ञानकोश आला.

१९१४ मध्ये तर चोर छतातून आत उतरला. सुकी बोरं खात दिवसा लपायचा, रात्री पुस्तकं बाहेर द्यायचा, असं सांगतात. हजारावर ग्रंथ शांघायच्या बाजारात गेले. त्यातले जे एका प्रकाशन संस्थेनं विकत घेऊन आपल्या ग्रंथालयात ठेवले, ते १९३२ च्या जपानी बॉम्बहल्ल्यात जळाले. १९४९ पर्यंत मूळ संग्रहातले सुमारे १३,००० च्युआन उरले होते. नंतर इतर संग्राहकांच्या देणग्यांनी भांडार पुन्हा भरलं.

दिवसभर हाताशी ठेवा आणि याद्यांबद्दल थोडं वाचून जा, नाहीतर नुसती बाग बघून याल. दुसरा दिवस मिळाला तर हांगचौला जा. वेगवान गाडीनं तासाभराची वाट. तिथल्या सरोवराकाठचं वेनलान-गे हे शाही ग्रंथालय तियानयी-गेच्याच नमुन्यावर बांधलंय. १८६१ मध्ये त्याचे ग्रंथ विखुरले, तेव्हा डिंग बंधूंनी वस्तू गुंडाळायला वापरली जाणारी पानं ओळखली, सापडतील तेवढे खंड गोळा केले आणि हरवलेले खासगी संग्रहांतून नकलून घेतले.