देवमाशाचा आहार शोधताना: कातडी घ्यावी की बलीन?

नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ ही त्या मूलद्रव्यांची जड रूपं, म्हणजे समस्थानिकं. नायट्रोजन-१५ चं प्रमाण अन्नसाखळीत दर पायरीला साधारण तीनेक दर हजारीने चढतं, कार्बन-१३ वरून जनावर कुठल्या पाण्यात चरलं याचा अंदाज येतो, हे पाठ तुम्ही गिरवलेत असं धरून चालतो. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. हे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, मास स्पेक्ट्रोमीटरला, खाऊ घालायचं काय? जिवंत देवमाशाच्या पाठीतून बाणाने काढलेली कातडी, की मेलेल्याच्या जबड्यातली बलीनची, म्हणजे अन्न गाळायच्या झालरीची, पट्टी? मी दोन्ही केलंय, मुख्यतः उत्तर अटलांटिकमधल्या फिन देवमाशांवर, आणि सध्या एकाकडे माझा कल आहे. तो का, ते सांगतो. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर निकालही वेगळा लागू शकतो.

कातडीची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. जनावर जिवंत असतं, धडधाकट असतं, फोटोवरून ओळखलेलं असतं. त्याच तुकड्यातून डीएनए काढून नर की मादी तेही कळतं. एका हंगामात बऱ्याच जनावरांचे नमुने जमतात, त्यामुळे संख्याशास्त्रवाले खूश. क्रॉसबोचा पोकळ टोकाचा बाण पाठीवर आदळून उसळतो आणि पाण्यावर तरंगत राहतो. तो जाळीने उचलला की टोकात वर काळ्या कातडीचा पातळ थर आणि खाली पांढरी चरबी. बोटीवरचा तो दिवस सगळ्यांना आवडतो. मलाही आवडायचा.

वैताग प्रयोगशाळेत सुरू होतो, आणि त्याचं नाव चरबी. चरबीत कार्बन-१३ मुळात कमी असतो. ती कातडीत राहिली की कार्बनचा आकडा खाली ओढला जातो. म्हणून क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने ती धुऊन काढायची. पण या धुण्यात चरबीबरोबर थोडं नायट्रोजनयुक्त द्रव्यही जातं आणि नायट्रोजनचा आकडा सरकतो. त्यामुळे नमुन्याचे दोन भाग करायचे: धुतलेल्यावर कार्बन, न धुतलेल्यावर नायट्रोजन. शोधनिबंधाच्या 'पद्धती' विभागात हे एका ओळीत मावतं.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. डीएनएवाल्याने आपला वाटा नेल्यावर तुमच्या हाती येते ती कातडीची जेमतेम चकती. ती थिजवून सुकवली की काही मिलिग्रॅम उरतात. देवमाशाची कातडी रबरासारखी, कुटायला घेतली की तिची पूड होत नाही, तेलकट पापुद्रे होतात आणि खलाच्या कडेला चिकटून बसतात. जे खरवडून निघेल ते कुपीत घाला, द्रावण ओता, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण काढून टाका, पुन्हा ओता. दर वेळी तरंगणारे कण द्रावणाबरोबर वाहून जातात. शेवटी तळाशी जे राहतं त्यातून अर्धा-एक मिलिग्रॅम कथलाच्या इवल्या कॅप्सूलमध्ये भरायचं असतं, आणि कधी कधी तेवढंही उरलेलं नसतं. समुद्रात जीव धोक्यात घालून आणलेला नमुना असा मोरीत जातो. कार्बन-नायट्रोजनच्या गुणोत्तरावरून गणिताने चरबीची भरपाई करायची सूत्रं आहेत, पण एका जातीसाठी बसवलेलं सूत्र दुसरीला लागू पडेलच असं नाही. आणि एखाद्या संग्रहातले जुने नमुने मिळतायत म्हणून हुरळून जाऊ नका. डीएनएसाठी ते डीएमएसओ या द्रावकात ठेवलेले असतील तर समस्थानिकांच्या कामाला भरवशाचे नाहीत.

एवढं करून जो आकडा हाती येतो तो नेमका कधीचा? ईशान्य पॅसिफिकच्या निळ्या देवमाशांवर २०१७ साली एक अभ्यास आला. त्यात कातडीतला नायट्रोजन बदलायला लागणारा काळ १६३ दिवस निघाला, अधिक-उणे ९१. म्हणजे आजची कातडी गेल्या ऋतूतलं जेवण सांगते, की त्याच्या आधीच्या ऋतूतलं, हे ठामपणे म्हणता येत नाही. कातडी म्हणजे खात्यातली शिल्लक. बलीन म्हणजे पासबुक, तारीखवार नोंदींसकट.

बलीन केराटिनची, म्हणजे नखाकेसांच्याच द्रव्याची. एकदा बनली की तिच्यात बदल होत नाही. हिरडीकडून वाढते, टोकाकडून झिजते. वरच्याच अभ्यासात निळ्या देवमाशाची बलीन वर्षाला सुमारे १५.५ सेंटिमीटर वाढते असं निघालं. दर सेंटिमीटरला बारीक ड्रिलने चिमूटभर पूड काढली तर साधारण साडेतीन आठवड्यांची एक नोंद मिळते, आणि मीटरभर पट्टीत सहा-सात वर्षं. डोनाल्ड शेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अलास्काच्या बोहेड देवमाशांवर हेच दाखवलं होतं. त्यांची बलीन चार मीटरपर्यंत जाते, आणि बेरिंग-चुकची ते ब्यूफोर्ट समुद्र ही दरसालची ये-जा तिच्यात लाटांसारखी उमटलेली असते.

काम कटकटीचं आहेच. ड्रिल फिरला की केस जळाल्याचा वास खोलीभर पसरतो. पूड स्थिर विजेने चिमट्यावर उडी मारते, कॅप्सूलमध्ये जायला मागत नाही. पण चरबी नगण्य असते. पृष्ठभाग द्रावणाने पुसून घेतला की एकाच कॅप्सूलमधून कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मिळतात, नमुन्याची वाटणी करावी लागत नाही, आणि एखादी कॅप्सूल फाटली तर त्याच रेघेत पुन्हा ड्रिल मारता येतो. खरं सांगायचं तर माझा कौल इथेच फिरला.

चरबीतल्या स्निग्धाम्लांचा तिसरा पर्याय कुणीतरी सुचवेलच. कॅलेनस जातीचे कोपेपॉड (इवले कवचधारी प्लवक) खाल्ले की काही लांब साखळीची आम्लं ओळखीच्या खुणेसारखी दिसतात, हे खरं. पण बाण चरबीच्या बाहेरच्या थरापर्यंतच पोचतो, आणि ताज्या आहाराची चाहूल जास्त लागते ती आतल्या थरात. मी त्या वाटेला फार गेलो नाही.

आता बलीनचे दोष. जनावर मेलेलं हवं, आणि किनाऱ्याला लागलेलं जनावर बरेचदा आजारी किंवा उपाशी असतं. उपासात ते स्वतःचंच मांस जाळतं, तेव्हा नायट्रोजनचा आकडा मोठा भक्ष्य खाल्ल्यासारखा चढू शकतो. एका पट्टीवर साठ-पासष्ट बिंदू असले तरी देवमासा एकच, हे परीक्षक हमखास ऐकवतात, आणि त्यांचं चुकत नाही. दर बिंदूचे पैसे मोजावे लागतात ते वेगळंच. दात असलेल्या जातींत बलीनच नसते. स्पर्म व्हेलसाठी दातांतले थर बघावे लागतात.

कुणी अरबी समुद्राचा विचार करत असेल तर माझा कल आणखी एका कारणाने बलीनकडे झुकतो. इथल्या मधल्या थरांत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. तिथले जीवाणू नायट्रेट मोडताना हलका नायट्रोजन आधी उचलतात आणि उरलेलं नायट्रेट जड होतं. ते वर आलं की प्लवकांपासून सगळ्यांचाच आकडा चढतो. मग चढलेला आकडा मासे खाल्ल्याचा की पाण्याचा? हे सोडवायला अमिनो आम्लं वेगळी करून मोजावी लागतात: ग्लुटामिक आम्ल पायरीगणिक चढतं, फेनिलअॅलनिन जवळपास तिथेच राहतं, म्हणजे पाण्याचा आकडा सांगतं. त्याला माल जास्त लागतो. कातडीच्या चकतीतून तो निघेल का, मला शंका आहे. बलीनमधून सहज निघतो. मात्र पासबुक वाचताना एक लाट म्हणजे एक वर्ष असं इथे डोळे झाकून धरू नका. आपल्याकडे वारे वर्षातून दोनदा फिरतात, तेव्हा वर्षाला दोन लाटाही उमटू शकतील.

शिवाय इथे पडताळायला थोडीफार जुनी माहिती आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यांजवळ बेकायदा दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. त्यांच्या पोटांत क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि थव्याने फिरणारे मासे सापडले होते. श्रीलंकेजवळच्या निळ्या देवमाशांच्या विष्ठेतला डीएनए आशा डी वोस आणि सहकाऱ्यांनी तपासला, त्यात सर्जेस्टिड कोळंबी निघाली, म्हणजे आपल्या जवळ्याचे भाऊबंद. क्रिल, क्रिल म्हणत बसणाऱ्यांना हे बरं आठवण करून देतं.

शेकडो जिवंत जनावरांची आपसांत तुलना करायची असेल, नर-मादीचा फरक बघायचा असेल, तर कातडीच घ्या, आणि चरबी धुण्यासाठी माणूसबळ आधीच राखून ठेवा. एका जनावराने वर्षभरात काय बदललं हे बघायचं असेल तर मी तरी बलीनकडे जाईन. कुजलेल्या धडाची कातडी सोलून गळते, बलीन टिकते. २०१५ मध्ये रेवदंड्याला किंवा २०१६ मध्ये जुहूला लागले तसे देवमासे आपल्या किनाऱ्याला अधूनमधून लागतात. पण धड लवकर पुरलं जातं, आणि हिरडी सडली की पट्ट्या निखळून लाटांबरोबर जातात. देवमासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी आधीच काढून ठेवा, बातमी आल्यावर नव्हे. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर साइटिसचे, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे, कागद वेगळे. आणि पट्टी हिरडीच्या रेषेवर कापू नका. सगळ्यात ताजे महिने हिरडीच्या आत रुतलेले असतात. सगळ्यात लांब पट्टी निवडा, मुळासकट उपटा, हिरडीकडच्या टोकाला खूण करा आणि सावलीत सुकवा. फॉर्मलिनमध्ये टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.