फेट सिम्युलेशन्स: अकरावीच्या केमिस्ट्रीसाठी आठ महिने वापरल्यावर

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. संयुजा, रेणुवस्तुमान, अभिक्रियाकारक हे शब्द तोंडपाठ होते. अकरावी सायन्सला तेच सगळं इंग्रजीतून सुरू झालं आणि ऑगस्टमधल्या पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत 25 पैकी 8 मार्क पडले. त्या आठवड्यात मॅडमनी वर्गात फेट (PhET) उघडून दाखवलं. विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर हलवून बघायची, म्हणजे सिम्युलेशन्सची, ही वेबसाइट. तेव्हापासून एप्रिलमधल्या वार्षिक परीक्षेपर्यंत मी ते वापरलं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी तो 2002 मध्ये सुरू केला. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. आमच्याकडे संध्याकाळी रेंज जाते, म्हणून हव्या त्या फायली एकदाच डाउनलोड करून ठेवल्या. त्या नेटशिवाय चालतात. मराठीतही बरीच सिम्युलेशन्स आहेत. मी आधी मराठीत बघायचे आणि कळलं की तेच इंग्रजीत. पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे ही दुसरी पायरी सोडू नका.

माझा सगळ्यात मोठा फायदा झाला तो लिमिटिंग रीएजंटमध्ये, म्हणजे जो पदार्थ आधी संपून अभिक्रिया थांबवतो तो ओळखण्यात. ज्याचे ग्रॅम कमी तोच आधी संपणार, असं मी धरून चालायचे. ‘रिअॅक्टंट्स, प्रॉडक्ट्स अँड लेफ्टओव्हर्स’ या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला ब्रेड आणि चीजची सँडविचेस करायची असतात. ब्रेड संपला की चीज कितीही असो, सँडविच थांबतं. मग पाणी, अमोनिया, मिथेनचं ज्वलन. अमोनियात एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात, हे रेणू हलवून बघितल्यावर मी वहीत गणित मांडलं: 14 ग्रॅम नायट्रोजन म्हणजे अर्धा मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक, जसं डझन), त्याला दीड मोल हायड्रोजन पुरे. माझ्याकडे हायड्रोजन 4 ग्रॅम, म्हणजे 2 मोल. नायट्रोजन वजनाने जास्त असूनही तोच आधी संपला. अमोनिया 17 ग्रॅम झाला, हायड्रोजन 1 ग्रॅम उरला, बेरीज बरोबर 18. होळीला आईची कणीक संपली आणि पुरण उरलं, तेव्हा तर धाकट्या भावालाही मी हे समजावून सांगितलं. आधी मोल, मग समीकरणातलं प्रमाण, ग्रॅम अगदी शेवटी. हा क्रम त्यानंतर माझा एकदाही चुकला नाही.

रेणूंचे आकार दाखवणारं ‘मॉलिक्यूल शेप्स’ वापरताना मात्र सावध राहा. त्याची ‘बेसिक्स’ नावाची सोपी आवृत्ती आहे, तिच्यात लोन पेअर (बंधात भाग न घेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) नाहीत; ती आपल्या कामाची नाही. मोठ्या आवृत्तीतही पहिल्या पडद्यावर बंधांमधला कोन आदर्श दिसतो. दोन बंध आणि दोन लोन पेअर ठेवले तरी 109.5 अंशच. मी दोन आठवडे पाण्याचा कोन तोच समजत होते. ‘रिअल मॉलिक्यूल्स’मध्ये गेल्यावर 104.5 दिसला. लोन पेअर बंधांना किती रेटतात ते तिथे कळतं, आणि परीक्षेत कारण विचारतात ते नेमकं हेच.

‘गॅस प्रॉपर्टीज’ मला मनापासून आवडलं. आकारमान तेच ठेवून तापवलं की कण भिंतीवर जास्त वेळा आणि जास्त जोराने आदळतात, दाबाचा काटा चढत जातो. फार तापवलं तर झाकण उडतं! तापमान केल्व्हिनमध्ये का घ्यायचं, हे मला इथे पहिल्यांदा पटलं.

समीकरण संतुलित करायचा खेळ सोपा आहे, दोन दिवसांत संपतो. पण रेडॉक्ससाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होणाऱ्या अभिक्रियांसाठी, तो पुरत नाही. इलेक्ट्रॉनची आणि विद्युतभाराची बरोबरी तिथे येतच नाही. ती पुस्तकातूनच करावी लागली. हायड्रोकार्बन, सेंद्रिय संयुगांची नावं, गट 1 आणि 2 ची मूलद्रव्यं, यांच्यासाठीही फेटचा मला उपयोग झाला नाही. हा अभ्यास लिहून, म्हणून, परत लिहूनच झाला.

खरी अडचण वेगळी आहे. इथे आकडे आपोआप येतात. आपल्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल घेऊन बसावं लागतं. जानेवारीपर्यंत मी नुसती सिम्युलेशन्स फिरवत होते. सराव पेपर सोडवायला बसले तेव्हा पीव्ही बरोबर एनआरटी हे वायूंचं समीकरण कळत होतं, पण लॉगने गुणाकार करताना ऋण आकड्यावरचा बार कुठे टाकायचा तेच आठवेना. सोपी गणितं हातची गेली आणि त्या दिवशी मला रडू आलं. म्हणून सांगते, धडा सुरू व्हायच्या आधी फेट बघा, नंतर गणितं हाताने करा आणि शेवटचा महिना ते बंद ठेवा. मी फेब्रुवारीपासून रोज पाच गणितं लॉग टेबलने सोडवली, पायऱ्या आणि एककं लिहून.

वार्षिक परीक्षेत थिअरीला 70 पैकी 54 आले. बारावीच्या आयनिक इक्विलिब्रियमसाठी ‘पीएच स्केल’ची फाइल आत्ताच उतरवून ठेवली आहे. सामू (पीएच) म्हणजे काय हे शाळेत शिकले होते. आता तो लॉगने काढायचा आहे, म्हणून यंदा लॉग टेबल पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवणार आहे.