नऊ वॉटचा दिवा आणि सेकंदांचा हिशेब : घरी वापरायच्या नॅरोबँड यूव्हीबी दिव्याचं परीक्षण

कोड आणि सोरायसिससाठी हातात धरून वापरायचे जे नॅरोबँड (यूव्हीबी या अतिनील प्रकाशाचा अरुंद पट्टा देणारे) दिवे मिळतात, त्यांचं खोकं, रंग आणि किंमत वेगवेगळी असते. उघडून पाहिलं की बहुतेकांच्या पोटातून एकच वस्तू निघते : फिलिप्सची पीएल-एस ९ वॉट/०१, दोन पिनांची, वाकवून दुमडलेली नळी. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश देते ती हीच. रुग्णालयात ज्या उभ्या कपाटात शिरून लाइट घेतात, तिथल्या सहा फुटी नळ्यांवरही बहुधा हाच ०१ आकडा असतो, म्हणजे प्रकाशाची जात एकच. त्यामुळे ‘आमचा लाइट जास्त पॉवरफुल’ या विक्रेत्याच्या बोलण्यात फारसा दम नाही. आपण पैसे मोजतो ते टायमर, समोर लावायचा दातेरी कंगवा, चष्मा आणि सोबतच्या माहितीपत्रकासाठी, आणि बहुतेक यंत्रं नापास होतात तीही याच चार गोष्टींत.

नळीच्या बुडाशी छापलेला ०१ मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. याच मापाची, याच दोन पिनांची, त्याच होल्डरमध्ये चपखल बसणारी आणखी तीन भावंडं बाजारात आहेत. ९ वॉट/१० ही यूव्हीए (जास्त लांब लहरींचा अतिनील प्रकाश) देते आणि किडे पकडायच्या यंत्रात असते. तिने डागावर काहीच होणार नाही. ९ वॉट/१२ हा रुंद पट्ट्याचा यूव्हीबी, तेवढ्याच सेकंदांत त्वचा कितीतरी लवकर भाजणारा. आणि टीयूव्ही ९ वॉट ही पाणी निर्जंतुक करायची २५४ नॅनोमीटरची नळी, जिच्यासमोर कातडी आणि डोळे दोन्ही धरायचे नसतात. शेवटची ओळखायला सोपी, कारण तिची काच पारदर्शक असते. ०१ ची आतून पांढरट लेप दिलेली. बाकी दोघी दिसायलाही सारख्याच. ‘यूव्ही बल्ब ९ वॉट’ एवढंच लिहिलेला सुटा बल्ब ऑनलाइन मागवणं म्हणूनच धोक्याचं. अंक दिसत नसेल तर परत करा.

आता टायमर. नॅरोबँडचा डोस मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि हिशेब सरळ आहे : दिव्याची तीव्रता गुणिले सेकंद. कोडासाठी तज्ज्ञांच्या शिफारशीत सुरुवातीचा डोस २०० मिलिज्यूल आहे, त्वचेचा रंग कोणताही असो. समजा कंगव्याच्या टोकाशी दिव्याची तीव्रता चौरस सेंटिमीटरला ४ मिलिवॅट आहे, तर २०० मिलिज्यूल म्हणजे ५० सेकंद. इथेच स्वस्त यंत्रांची पोल उघडी पडते. किल्लीसारखा फिरवायचा यांत्रिक टायमर अर्धा मिनिट सहज इकडेतिकडे होतो. ५० सेकंदांच्या डोसात ती ६० टक्क्यांची चूक. सेकंदावर लावता येणारा आणि वेळ संपताच दिवा स्वतः बंद करणारा डिजिटल टायमर नसेल, तर बाकी काहीही चांगलं असलं तरी ते यंत्र घेऊ नये. तीव्रतेचा आकडा माहितीपत्रकात नसेल तरीही नको. ‘एक मिनिटापासून सुरू करा’ एवढंच छापणाऱ्याने स्वतःचा दिवा कधी मोजलेलाच नाही असं समजा.

चोकवर चालणाऱ्या दिव्यांत आणखी एक गोम असते. बटण दाबल्यावर नळी दोन-तीनदा लुकलुकून पेटते, टायमर मात्र बटणापासूनच मोजायला लागतो. शिवाय थंड नळी पहिलं मिनिटभर पूर्ण जोरात नसते. म्हणून पहिल्या डागाआधी चष्मा घालून दिवा दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून तापू द्या. नाहीतर रोज पहिला डाग उपाशी आणि शेवटचा पोटभर, असं होतं. इन्व्हर्टरवर किंवा व्होल्टेज पडलेलं असताना सत्र करू नका : साध्या चोकचा दिवा पुरवठा उतरला की मंदावतो आणि सेकंदांचा हिशेब चुकतो.

कंगवा म्हणजे समोर लावायचा प्लॅस्टिकचा दातेरी भाग. टाळूच्या सोरायसिसमध्ये तो केस बाजूला सारतो, पण त्याचं खरं काम अंतर ठरवून देण्याचं. कंगवा त्वचेला टेकला की नळी रोज तेवढ्याच अंतरावर राहते. तो तुटला म्हणून काढून टाकला आणि दिवा थेट जवळ नेला, की त्याच सेकंदांत डोस वाढतो. काही यंत्रांत कंगवा नुसता खाचेत अडकवलेला असतो आणि हाताच्या ओढीने निसटतो. घेताना हलवून पाहा. गुडघा, कोपर, हनुवटी अशा गोलाईवर मधला भाग जवळ येतो आणि कडा लांब राहतात, तिथे एकाच जागी धरण्यापेक्षा दोन कोनांतून वेळ वाटून घ्यावा.

सोबत येणारा चष्मा बहुधा पातळ, बाजूने उघडा, तपकिरी प्लॅस्टिकचा असतो. अतिनील अडवत असल्याची खूण त्यावर नसेल तर तो खेळण्यातला समजून दुसरा घ्या. गॉगल चालत नाही, कारण बाजूने प्रकाश शिरतो. दिवा धरून देणाऱ्या घरच्या माणसालाही चष्मा लागतो. ही गोष्ट माहितीपत्रकात क्वचितच असते. पुरुषांनी जननेंद्रियं कपड्याने झाकावीत, तिथलाच डाग असला तरी घरी लाइट घेऊ नये.

डोस वाढवायचा कसा? आठवड्यातून तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, दर वेळी १० ते २० टक्क्यांनी. १० टक्क्यांनी गेलात तर २०० वरून १००० मिलिज्यूलवर यायला सुमारे १७ वाढी, म्हणजे जवळपास सहा आठवडे. २० टक्क्यांनी गेलात तर ९ वाढी. तेव्हा ५० सेकंदांचे चार मिनिटं दहा सेकंद झालेले असतात. चेहऱ्यासाठी १५०० आणि अंगासाठी ३००० मिलिज्यूल ही वरची मर्यादा. सोरायसिसचे आकडे वेगळे असतात. ते त्वचारोगतज्ज्ञाकडून लिहून घ्यावेत.

किती वाढवायचं हे घड्याळापेक्षा डाग सांगतो. हवा असतो तो फिकट गुलाबी रंग, २४ तासांच्या आत ओसरणारा. गुलाबी २४ तासांच्या पुढे टिकला तर पुढच्या वेळी तोच डोस. लालभडक झाला तर थांबायचं आणि उतरल्यावर आधी सोसलेल्या डोसावर परत यायचं. फोड आला किंवा दुखलं तर दिवा बंद, आणि डॉक्टरांना दाखवायचं. यूव्हीबीची लाली सत्रानंतर लगेच दिसत नाही. काही तासांनी उमटते आणि १२ ते २४ तासांत सर्वांत गडद होते. रात्री लाइट घेऊन आरशात ‘काहीच झालं नाही’ असं पाहून लगेच आणखी मिनिटभर घेणं, घरी भाजण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. कोडात भाजणं दुप्पट महाग पडतं, कारण जखम झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो.

सत्रं चुकली तर हिशेब मागे घ्यावा लागतो. मधलं अंतर चार ते सात दिवसांचं झालं तर तोच डोस, आठ ते चौदा दिवसांचं झालं तर पाव भाग कमी, पंधरा ते एकवीस दिवसांचं झालं तर निम्मा, त्याहून जास्त असेल तर पुन्हा २०० पासून. दिवाळीला तीन आठवडे गावी राहून आलेला माणूस परतल्यावर जुनाच डोस लावतो आणि भाजतो. तारीख, सेकंद, दुसऱ्या दिवशीचा रंग, या तीन रकान्यांची वही दिव्याइतकीच गरजेची.

त्वचेवर काय लावलंय यावरही बरंच ठरतं. सॅलिसिलिक अॅसिडचं मलम, सनस्क्रीन किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर यूव्हीबी अडवतो. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रिऑल मलम लाइटनंतर लावायचं, आधी नाही. सोरायसिसच्या कोरड्या खपल्यांवर मात्र लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवला तर प्रकाश खाली नीट पोचतो. बावची तेल लावत असाल तर ते थांबवल्याशिवाय दिवा हातात धरू नका. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला प्रकाशासाठी हळवी करतं. बावची लावून उन्हात बसणं हा मोजमाप नसलेला पुव्हा (सोरालेन अधिक यूव्हीए) उपचारच आहे आणि त्याचे फोड त्वचेच्या ओपीडीत वारंवार दिसतात. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबाची थायाझाइड गोळी चालू असेल तर आधी सांगा. ल्यूपस (उन्हाने बळावणारा प्रतिकारशक्तीचा आजार) किंवा त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

पहिल्या महिन्यात एक तक्रार हमखास येते : डाग वाढला. बहुतेकदा तो वाढलेला नसतो. भोवतालची सावळी त्वचा लाइटने आणखी काळवंडते आणि पांढरा भाग जास्त उठून दिसतो. उपाय साधा आहे. जाड पुठ्ठ्यात डागाच्या आकाराचं भोक कापून तो त्वचेवर ठेवा, नाहीतर डागाच्या कडेबाहेर सनस्क्रीन लावा.

डाग खरंच मागे सरकतोय की नाही हे बघायला लोक ‘वूड्स लॅम्प’ (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) म्हणून विकली जाणारी टॉर्च घेतात. कल्पना उत्तम, टॉर्च बहुतेकदा चुकीची. तपासणीला लागतो ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश; स्वस्तातल्या टॉर्च ३९५ च्या असतात. पांढऱ्या भिंतीवर मारून पाहा : ढळढळीत जांभळं वर्तुळ पडलं तर ती ३९५, काळ्या काचेची फिल्टर असलेली ३६५ ची टॉर्च डोळ्यांना मंद वाटते. त्या जांभळ्या उजेडातच खरी चमक बुडून जाते. पूर्ण अंधारात, डोळे मिनिटभर सरावल्यावर, दहा ते तीस सेंटिमीटरवरून पाहायचं. कोडाचा पूर्ण रंगहीन भाग निळसर पांढरा लखलखतो आणि कड काटेकोर दिसते. नुसता फिकट झालेला भाग तसा चमकत नाही. शिबं असेल तर पिवळसर झाक येते, काखेतला एरिथ्राझ्मा (जिवाणूंमुळे येणारा चट्टा) पोवळ्यासारखा लाल दिसतो. त्वचा मात्र धुऊन कोरडी हवी, कारण टॉवेलचे धागे, साबण आणि मलमंही निळी चमकतात, आणि डिटर्जंटमध्ये धुतलेला शर्ट तर दिव्यासारखा पेटतो.

मोबाइलने फोटो काढायचे तर फ्लॅश बंद, एक्स्पोजर लॉक, अंतर तेच आणि चौकटीत एक पट्टी. तरीही सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच आहे : डागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवून पेनाने कड उतरवायची, तो आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. महिन्यातून एकदा पुरे. रंग परत येताना आधी केसांच्या मुळाशी तिळाएवढे तपकिरी ठिपके येतात, कारण रंगपेशींचा साठा तिथे असतो. मग ते पसरत एकमेकांना भिडतात. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने (त्वचेवर टेकवायच्या भिंगाने) हेच मोठं करून पाहतात. डाग अजून पसरता असेल तर कडेला साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात, आणि हो, त्याला तिथे साबुदाणाच म्हणतात. अशा वेळी एकट्या दिव्यावर विसंबू नये.

परिणामाबद्दल विक्रेत्यांच्या जाहिराती बाजूला ठेवा. ब्रिटनमध्ये हातातल्या दिव्याचीच चाचणी झाली. ५१७ जण, नऊ महिने. नुसतं मोमेटासोन हे स्टिरॉइड मलम लावणाऱ्यांत डाग बराच कमी जाणवतो असं सांगणारे १७ टक्के, नुसत्या दिव्याचे २२, मलम आणि दिवा दोन्ही वापरणारे २७. म्हणजे एकटा दिवा मलमाला फार मागे टाकत नाही, दोघं मिळून जरा बरं करतात. आणि ठरल्यापैकी पाऊण भागाहून जास्त सत्रं करणारे निम्म्यापेक्षाही कमी निघाले. याचं नवल वाटायला नको. दिवा एकदा धरला की साधारण १२-१३ सेंटिमीटर लांबीचा पट्टा उजळतो. डाग आठ असतील आणि प्रत्येकाला तीन मिनिटं, तर २४ मिनिटं, तीही आठवड्यातून तीनदा. आणि उपयोग होत नाही असं ठरवण्याआधी किमान ४८ सत्रं द्यावी लागतात. बोटांसह आपला तळहात म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का. दोन-तीन तळहातांपर्यंतचे डाग असतील तर हे यंत्र घ्यावं. त्यापुढे पाठ-पोट सगळीकडे असेल तर रुग्णालयातलं कपाट किंवा घरी लावायचं मोठं पॅनेल. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सोरायसिसच्या चाचणीत घरचा लाइट रुग्णालयाच्या तोडीस तोड ठरला, पण ते दिवे अंगभर प्रकाश देणारे होते, हातातले नव्हते.

चेहरा आणि मान यांवर सर्वांत चांगला परिणाम मिळतो. बोटांची टोकं, पावलं आणि ज्या डागातले केसही पांढरे झालेत तिथे वर्षभर दिवा धरूनही हाती फार लागत नाही. विक्रेता हे सांगणार नाही.

राहिली नळीची निगा. आठवड्याला दीड तास म्हणजे वर्षाला ७८ तास, एवढ्याने ती म्हातारी होत नाही. ‘दर वर्षी बल्ब बदला’ हा सल्ला दुकानाच्या फायद्याचा. टोकं काळी पडली, किंवा सेकंद वाढवूनही गुलाबीपणा येईनासा झाला, तर बदला. नवी नळी जुनीपेक्षा तेज असते, म्हणून बदलल्यावर पहिल्या सत्राची वेळ चांगलीच कमी करा आणि पुन्हा चढत जा. जुनीत पारा असतो. ती ओल्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात.