व्यायामाच्या सायकलचा कन्सोल की वेगळा सायकल कॉम्प्युटर?

पाऊस धरला की आमचं कोल्हापूरहून पन्हाळ्याला सायकलवरून जाणं थांबतं. वाघबीळचा चढ पावसात चढायला एरवीपेक्षा बरा वाटतो, पण उतरताना धुकं असतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भरवसा नसतो. त्यातून पंचगंगेचं पाणी वाढलं की शिवाजी पुलापलीकडे जाण्याचा विषयच संपतो. म्हणून जून ते सप्टेंबर घरातली व्यायामाची सायकल. तिच्यावर मी दोन पावसाळे तिच्याच कन्सोलवर, म्हणजे हँडलवरच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर काढले आणि पुढचे दोन वेगळा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे सेन्सरकडून आकडे घेऊन दाखवणारं आणि जपून ठेवणारं छोटं यंत्र लावून. नवीन सायकल घेणारे मित्र हाच प्रश्न विचारतात, म्हणून दोन्हींचा अनुभव एकदा नीट लिहून काढतो.

जोडणीत कन्सोल सरळ पुढे आहे. वायर खोचायची, दोन पेन्सिल सेल घालायचे, बसायचं. घरातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. माझी आई सकाळी पंधरा मिनिटं पाय मारते, तिला वेळ आणि अंतर दिसलं की पुरतं. तिच्यासाठी मी दुसरं काहीही सुचवणार नाही.

कॉम्प्युटरने मात्र पहिली संध्याकाळ खाल्ली. केडन्सचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते मोजणारा सेन्सर डाव्या क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या आतल्या बाजूला रबराने बांधला; फ्रेमला घासत नाही ना, ते हाताने फिरवून पाहिलं. तरी कॉम्प्युटरला तो सापडेना. बऱ्याच खटपटीनंतर कळलं, मी तो आधी फोनला जोडून ठेवला होता. ब्लूटूथवर असे बरेच सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर तसं नाही, तिथे एकाच सेन्सरचा आकडा कितीही उपकरणं घेऊ शकतात. तेव्हा दोन्ही पद्धतींचा सेन्सर घ्या, आणि फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन तो जोडू नका. क्रँक दोन-चार वेळा फिरवून सेन्सर जागा करा आणि मग थेट कॉम्प्युटरवरून शोधा.

आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. घरातला व्यायाम असं वेगळं प्रोफाइल निवडून जीपीएस बंद करा, आणि ऑटो पॉजही बंद करा. सायकल जागची हलत नाही, त्यामुळे वेग शून्य धरून कॉम्प्युटर मोजणीच थांबवतो आणि आपण पाय मारतच राहतो. अंतराच्या नादी तर अजिबात लागू नका. फ्लायव्हीलच्या, म्हणजे सायकलच्या जड चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेले किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर यांचा फारसा संबंध नाही. कन्सोल ते मोठ्या अक्षरांत दाखवतो, इतकंच.

कॅलरीचंही तसंच. आमचा कन्सोल वजन विचारत नाही. मी आणि माझी मुलगी सारखा वेळ, सारख्या गतीने बसलो तर दोघांनाही सारख्याच कॅलरी देतो. हातमुठीवरच्या पट्ट्या नाडी दाखवतात, पण त्यासाठी दोन्ही तळवे घट्ट टेकून बसावं लागतं, आणि पावसाळ्यातल्या घामाने आकडा 90 वरून 150 वर उडी मारतो. नाडी मोजणारा छातीचा पट्टा पाण्याने थोडा ओला करून बांधला तर माझ्या अनुभवात असं झालेलं नाही.

एवढं असूनही मी कन्सोलवर राहिलो असतो. निर्णय झाला तो एका वेगळ्याच गोष्टीवर.

चार मिनिटं पायडल हललं नाही की हा कन्सोल बंद होतो, आणि पुन्हा चालू केला की सगळे आकडे शून्यावर. सकाळी साडेसहाला मी घाम गाळत असतो, नेमके तेव्हाच रतीबाचं दूध घेऊन मामा येतात. दार उघडायचं, पातेलं पुढे करायचं, पावसाचं दोन शब्द बोलायचं. परत येईपर्यंत पस्तीस मिनिटांची मेहनत पुसलेली. सेल वाचावेत म्हणून ही सोय केलेली असते, हे मान्य. काही कन्सोल आकडे जपून ठेवतही असतील, घेण्यापूर्वी दुकानात थांबून पाहा. पण मला दोन पावसाळे हे सोसावं लागलं. वहीत लिहून ठेवायचा प्रयत्न केला, तर लिहायच्या आधीच आकडे गेलेले असायचे.

हे मनाला का लागलं, ते कोल्हापूरकराला सांगावं लागू नये. जुलैत आपण रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे पोरांनाही पाठ असतं. पण आज 38 फूट आहे एवढ्यावर कुणी थांबत नाही. रात्री किती होती, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. 36 वरून चढलं की 40 वरून उतरलं, यावर सामान वर ठेवायचं की नाही ते ठरतं. व्यायामाचं अगदी तसंच आहे. आजचे 148 ठोके एकटे काही सांगत नाहीत. मागच्या महिन्यात याच लोडवर, म्हणजे पायडल तेवढंच जड ठेवून, याच केडन्सला 156 होते, हे समोर आलं की तयारी होतेय हे दिसतं. कॉम्प्युटर ते जपून ठेवतो. दूध घ्यायला उठलो तरी तो आकडे पुसत नाही.

एक उणीव मात्र कॉम्प्युटरही भरून काढत नाही. पायाचा जोर मोजणारा पॉवर मीटर नसेल तर खरे वॅट कळत नाहीत, आणि माझ्या सायकलच्या लोडच्या नॉबवर आकडे नाहीत. मी मार्करने त्यावर रेघा मारून घेतल्या. नॉब कुठल्या रेघेवर होता हे माहीत नसेल तर केडन्स आणि ठोक्यांची नोंद अर्धीच राहते. नवीन सायकल घेणार असाल तर तिचा कन्सोल एफटीएमएस या व्यायामाच्या यंत्रांसाठी ठरलेल्या पद्धतीने ब्लूटूथवर आकडे बाहेर देतो का, हे जरूर विचारा. तसं असेल तर कन्सोल आणि ॲप मिळून बरंच काम भागू शकेल आणि माझा आग्रह थोडा कमी होईल.

माझा ठरलेला व्यायाम असा: दहा मिनिटं हलकं, मग चार-चार मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं सावकाश. जोराच्या फेरीत नॉब तिसऱ्या रेघेवर आणि केडन्स 65 ते 70, म्हणजे वाघबीळला बसून चढताना असतो साधारण तसा. पहिल्या मिनिटात ठोक्यांकडे पाहू नका, ते मागाहून वर येतात. कॉम्प्युटर प्रत्येक फेरीला स्वतः शिट्टी देतो. कन्सोलवर मिनिटांची बेरीज मनात करावी लागायची आणि तिसऱ्या फेरीला हमखास चुकायची. वीज जाऊन पंखा थांबला की त्याच लोडवर माझे ठोके आठ-दहाने वर जातात. असा दिवस मी वेगळी खूण करून ठेवतो.

फोन लावून भागेल का, असंही विचारतात. भागतं, पण घामाच्या बोटांनी पडदा ऐकत नाही आणि मध्येच कुणाचा तरी फोन येतो. जुना, सिम काढलेला फोन असेल तर सुरुवातीला चालेल.

एकदम पैसे घालायचे नसतील तर आधी छातीचा पट्टा आणि केडन्सचा सेन्सर घ्या, जुन्या फोनवर एक महिना वापरा, मग कॉम्प्युटरचं ठरवा. तोच पट्टा आणि सेन्सर पुढे कामी येतात. पट्टा रोज साध्या पाण्याने धुवा आणि त्यावरचा सेन्सर काढून वाळत घाला. ओल्या पट्ट्याला तसाच अडकवून ठेवला तर तो चालूच राहतो. माझा पहिला सेल असाच महिन्याभरात उतरला होता.