जुन्या ट्रकचे इंजिन घरी बांधताना क्रँक कसा बदलला गेला

जुन्या गाडीचे इंजिन घरच्या शेडमध्ये स्वतः बांधायचे म्हटले, की प्रत्येक जण नकली पिस्टन, नकली रिंगा आणि नकली बेअरिंग यांच्याविषयी सावध करतो. तो सल्ला योग्यच आहे. माझी फसवणूक मात्र माझ्याच इंजिनातून निघालेल्या आणि पुष्कळ आयुष्य शिल्लक असलेल्या एका जुन्या भागाच्या, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बाबतीत झाली, आणि त्याबद्दल आधी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

केज तालुक्यातील आमच्या गावी वडिलांच्या काळापासून टाटाची एक ‘बारा-दहा’, म्हणजे १२१० मॉडेलचा ट्रक, उभी होती. हंगामात कारखान्याला ऊस आणि एरवी लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन नेण्यासाठी ती पुन्हा चालू करावी, आणि मजुरी वाचवण्यासाठी इंजिन आपणच बांधावे, असे मी ठरवले. तिच्यातले ६९७ हे सहा सिलिंडरचे इंजिन असून त्याचा बोअर ९७ मिमी आणि स्ट्रोक १२८ मिमी असतो. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला, त्या परंपरेतले हे यंत्र आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे सुटे भाग मिळतात, आणि त्याची माहिती नसलेला मिस्त्री सापडणे अवघड आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला यापेक्षा सोयीचे इंजिन क्वचितच मिळेल. परंतु ज्या इंजिनाचे क्रँक प्रत्येक लेथवाल्याच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले असतात, त्या इंजिनाचा क्रँक बदलणे हीही तितकीच सोयीची गोष्ट असते.

इंजिन उघडणे, साफ करणे आणि पुन्हा जोडणे घरी जमते; लाइनर बोरिंग, हेडचे फेसिंग आणि क्रँक ग्राइंडिंग ही कामे मात्र मशीनवरच होतात, त्यामुळे ब्लॉक, हेड आणि क्रँक काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे लागतात. क्रँक बाहेर काढला तेव्हा ओळखीचे एक आयटीआयचे निदेशक मायक्रोमीटर घेऊन आले होते. ब्लॉकमध्ये बसणारे सात मेन आणि पिस्टनचे दांडे जोडले जातात ते सहा बिग एंड, असे तेराही जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) त्यांनी मोजले, आकडे कागदावर लिहून दिले, आणि क्रँक स्टँडर्ड मापाचा असून त्याला आजवर एकदाही ग्राइंडिंग झालेले नाही, असे सांगितले. एका बिग एंडवर ओरखडा होता, म्हणून ‘टेन’वर, म्हणजे पाव मिलिमीटर कमी मापावर घ्यावे, असे ठरले.

स्टँडर्ड क्रँकची किंमत काय असते, हे इथे समजून घेतले पाहिजे. ग्राइंडिंग म्हणजे जर्नल घासून कमी मापाचे करणे, आणि ते पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.०० मिमी. स्टँडर्ड क्रँकचे हे सारे टप्पे शिल्लक असतात. ०.७५ वर पोहोचलेल्या क्रँकचा एकच टप्पा उरतो, आणि जर्नलवर कारखान्यात दिलेला कठीण थरही तोपर्यंत काही प्रमाणात घासला गेलेला असतो. दिसायला मात्र ताजे ग्राइंडिंग केलेले दोन्ही क्रँक सारखेच चकचकीत दिसतात. एक ठेवून दुसरा दिला, तर दुकानदाराला ग्राइंडिंगचे पैसे मिळतातच, शिवाय विकायला एक उत्तम क्रँकही हाती राहतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. लातूरच्या ज्या वर्कशॉपला क्रँक दिला होता, त्याने तो परत दिला, त्यासोबत ०.२५ लिहिलेल्या खोक्यात मेन आणि बिग एंड बेअरिंगचे (जर्नलभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांचे; जर्नल जेवढे कमी मापाचे, तेवढ्या त्या जाड) संच दिले, आणि बिलावरही ०.२५ असेच लिहिले. घरी जोडताना मी प्लास्टिगेज (दाबून गॅप मोजायचा प्लास्टिकचा बारीक धागा) घालून प्रत्येक ठिकाणचा गॅप तपासला. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक हजारांश इंच हा जो ठोकताळा आहे, त्यात तो व्यवस्थित बसत होता. गॅप बरोबर येणारच होता, कारण क्रँक ०.७५ चा होता आणि खोक्यातल्या बेअरिंगही ०.७५ च्याच होत्या. त्यांच्या पाठीवरचा मापाचा शिक्का तेवढा घासून काढलेला होता. गॅपच्या तपासणीत क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना जुळतात की नाही एवढेच कळते. क्रँक कोणाचा आणि किती मापाचा, हे त्यातून कळत नाही.

गाडी सुरू झाली आणि सुरुवातीला चांगली चालली. नंतर इंजिन तापले, की ऑइलचा दाब उतरू लागला, आणि भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा घाट चढताना खालून ठोका ऐकू येऊ लागला. चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) खाली उतरवले तेव्हा बेअरिंगचा वरचा थर निघालेला आणि दोन जर्नल खरवडलेले दिसले. निदेशकांनी पुन्हा मायक्रोमीटर लावला, तर न झिजलेले जर्नलसुद्धा बिलावरच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी भरले. उलगडताना जोडणीचा क्रम लक्षात राहावा म्हणून मी प्रत्येक भागाचे फोटो काढले होते. क्रँकच्या वेबवर (जर्नलना जोडणाऱ्या सपाट भागावर) फोर्जिंगच्या, म्हणजे घडाईच्या, वेळी उठलेली जी अक्षरे आणि आकडे असतात, ते त्या फोटोत एक होते आणि समोरच्या क्रँकवर दुसरेच.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्याच वर्कशॉपने तो आपल्या माहितीतल्या पंपवाल्याकडे पाठवला होता. परत आल्यावर थंड इंजिन लगेच सुरू होई, पण गरम झालेले बंद केले, की पुन्हा सुरू होण्यास अतिशय त्रास देई. पंपातले एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारे भाग) झिजलेले असतील तर गरम होऊन पातळ झालेले डिझेल त्यांच्यातून मागे गळते, म्हणून असे होते. दुसऱ्या ठिकाणी टेस्ट बेंचवर लावल्यावर सहाही एलिमेंट झिजलेले निघाले. माझे मूळ एलिमेंट त्यातलेच होते की कुठे दुसरीकडे गेले, हे सिद्ध करण्यासारखा पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून तो आरोप मी करत नाही.

वर्कशॉपच्या मालकाला फोटो दाखवले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मालक, गर्दीत पोराकडून अदलाबदल झाली असंल, दुसरा घेऊन जा.” अदलाबदल चुकून झाली असती, तर बेअरिंगच्या पाठीवरचे माप घासण्याचे कारण नव्हते. हे विचारल्यावर त्याने बोलणे बंद केले.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ट्रक धंद्याचा, त्यामुळे ग्राहक कायदा लागू नाही, असे सांगून अनेकांना परत पाठवले जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. दुकान लातूरचे असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे माझ्या बाबतीत बीडला, तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. माझ्या तक्रारीचा आधार म्हणजे पक्के बिल, मापांचा कागद, फोटो आणि ते खराब झालेले बेअरिंग. कच्च्या चिठ्ठीवर काम केले असते, तर क्रँक त्याच दुकानात दिला होता हेच आधी सिद्ध करावे लागले असते.

आता कोणताही भाग मशीनवर देताना मी न घासल्या जाणाऱ्या जागी सेंटर पंचने खूण करतो, फोर्जिंगचे आकडे आणि जर्नलची मापे पावतीवर लिहून दुकानदाराची सही घेतो, आणि भाग परत आला की तिथेच मायक्रोमीटर लावतो. बेअरिंग वेगळ्या दुकानातून आणतो आणि पाठीवरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देत नाही. पंपासाठी टेस्ट बेंचचा प्रत्येक लाइनचा आकडा असलेला अहवाल मागतो. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये या अटी सांगितल्या, तेव्हा त्यांनी काम घेण्यास नकार दिला. अंबाजोगाईच्या एका वयस्कर लेथवाल्याने मात्र स्वतःच पंच काढून दिला, आणि सध्या गाडीत जो क्रँक आहे तो त्याच्याकडेच ग्राइंड झालेला आहे.